उजव्या नाकपुडीतली नथ

बाळपंतांचं पुस्तक खोटं होतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे मध्येच कोणी विद्वान घसा खाकरून शंका विचारायला नको. खारवलीच्या बांधात शिळालेख सापडला नव्हता. तो वाचणारे काशीचे शास्त्री जन्मलेच नव्हते. ज्या राजाने बांध घातला, त्याचं नाव पंतांनी ठाण्यातल्या आपल्या ओटीवर बसून, सुपारी कातरता कातरता ठरवलं होतं. पण पहिल्या पानावर ठळक छापलं होतं: ‘खारवली येथील प्राचीन बांध व तत्संबंधीं शिळालेख. मूळ पाठ, अर्थ, टीपा व चित्रें यांसह.’ एवढं छापल्यावर कोणाची छाती आहे नाही म्हणायची?

पंत शाळामास्तर होते. त्याआधी त्यांनी एक खरं पुस्तकही लिहिलं होतं. खाडीकाठची देवळं पायी हिंडून, दगड धुऊन, अक्षरं उतरवून. ते मुंबईच्या विद्वानांकडे धाडलं, तर पुडक्याची दोरीसुद्धा न सोडता परत आलं. पंतांना राग आला, आणि तो राग रास्त होता. त्या रागाचं त्यांनी जे केलं, ते मात्र हलकट होतं. ते म्हणाले, यांना खरं नको ना, मग खोटंच देऊ. साहेबाला आवडेल असं, रक्ताचा वास येणारं.

खारवलीचं नाव त्यांना शिळाछापखान्यात, म्हणजे दगडावर काढून कागदावर छापतात तिथे, मिळालं. तिथे विश्राम चित्रं काढायचा. कळव्याच्या मिठागरातला पोर, शिळा घासायला म्हणून आला आणि बघता बघता चितारी झाला. त्याची थोरली बहीण रखमा डोंबिवलीपलीकडे खाडीवर खारवलीत दिलेली. एकदा तिच्याकडून परतल्यावर तो सहज म्हणाला, "यंदा पण उधाणाला बांध फुटला. मोठी खांड पडली. भातात खारं पाणी."

पंतांनी अडकित्ता थांबवला. "काय म्हणालास गावाचं नाव?"

झालं. पुस्तकात राजा आला, बांध आला, दर उधाणाला पडणारी खांड आली. मग राजाला दृष्टांत झाला आणि गावातली एक नवी नवरी, हिरवं लुगडं नेसवून, खांडीत उभी केली गेली आणि तिच्यावर माती लोटली गेली. बांध टिकला. लेखाच्या शेवटी तिची मूर्ती कोरली आहे, असं पंतांनी ठोकून दिलं, आणि विश्रामला म्हणाले, "मूर्तीची हुबेहूब प्रतिमा काढ."

"मूर्ती कुठाय?"

"तू काढशील तिथे."

विश्रामने कोणाचा चेहरा काढावा? घरंदाज बाईकडे टक लावून बघायची त्याची हिंमत नव्हती, आणि समोर बसायला कोण तयार होणार? त्याने जन्मात नीट पाहिलेला एकच बाईचा चेहरा होता. आई लवकर गेली, रखमानेच त्याला वाढवलं. लग्नाच्या दिवशी हळद लागलेली, नथ घातलेली रखमा त्याच्या डोळ्यांत होती. ती त्याने शिळेवर उतरवली.

आता शिळेवर जे काढावं ते कागदावर उलटं उमटतं. डावं उजवीकडे जातं. म्हणून चितारी नमुना आरशात बघतो आणि आरशातला काढतो, म्हणजे छाप सुलटा येतो. विश्रामचा हात यात कधी चुकत नसे. पण या चेहऱ्याला नमुनाच नव्हता, मग आरसा कशासमोर धरणार? रखमा मनासमोर जशी सरळ उभी राहिली, तशीच शिळेवर गेली.

सगळ्या प्रतींसाठी चित्राची पानं निघाल्यावर पंतांचं लक्ष गेलं. "विश्राम, बाईची नथ उजव्या नाकपुडीत कशी?"

विश्रामने कागद उजेडात धरला. "उलटी आली, पंत."

"आंधळा आहे का मी? पुन्हा काढ."

छापखान्याचे मालक भाऊ गल्ल्यावरून म्हणाले, "काढेल की. कागद तुम्ही आणा."

पंतांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. शेवटचं पान छापायचं राहिलं होतं. त्यांनी तिथल्या तिथे टीप सांगितली: ‘पूर्वीं या प्रांतीं स्त्रिया नथ उजव्या नाकपुडींत घालीत असत, असें प्रस्तुत मूर्तीवरून निर्विवाद सिद्ध होतें.’

"मूर्तीवरून?" भाऊ हसायला लागले. "अहो, याने परवा काढली ती."

"भाऊ, टीप अशीच लिहितात."

तिघेही हसले. विश्रामही हसला.

पुस्तक चाललं. साधंसुधं नाही, धावलं. मुंबईच्या कुठल्याशा साहेबाने पंतांना शाबासकी धाडली. ज्यांनी खऱ्या पुस्तकाची दोरी सोडली नव्हती, त्यांनी या खोट्याला डोक्यावर घेतलं. पुण्याचे एक गृहस्थ तर म्हणाले, नथेचा हा जुना प्रघात आपण आजीच्या तोंडून ऐकला आहे. ती टीप पंतांनी सुपारी चघळत सांगितली होती, आणि या गृहस्थांच्या आजीला ती आधीच ठाऊक होती.

इकडे छापखान्यात निराळंच सुरू झालं. चित्राची शिळा विश्रामने वाळू-पाण्याने घासली, पुसली, आणि तिच्यावर पंचांगाचं पान चढवलं. आषाढाचा छाप निघाला, तर पौर्णिमेच्या घराखाली दोन डोळे.

"घासली नाहीस नीट," भाऊ म्हणाले.

त्याने पुन्हा घासली. ही शिळा तेल पिते. शाईतली चरबी एकदा खोल गेली की वरवर घासून जात नाही, हे कोणीही कारागीर सांगेल. त्यात भुताटकी काही नाही. विश्रामलाही ते ठाऊक होतं. पण दुसऱ्यांदा शाळेची जाहिरात छापली, तर विषयांच्या यादीत ओठ आणि नथ. तो बोटांची सालं जाईपर्यंत घासत राहिला. तिसऱ्यांदा अख्खा चेहरा अक्षरांमागून वर आला, पाण्यात बुडालेलं माणूस वर येतं तसा. भाऊंनी शिळा दाराशी टेकवून ठेवायला सांगितली. भाऊ देवाला न मानणारा माणूस. पण तेही त्या दाराने ये-जा करीनासे झाले.

आणि मग एक दिवस त्या दारात धाकू उभा राहिला. रखमाचा नवरा. खाडीतून होडीने आला होता, गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला.

"दाजी, बसा. बाय बरी हाय ना?"

धाकू बसला नाही. "तू वाचतंस ना? मना सांग, पुस्तकात पुढं काय लिवलंय?"

"कुठलं पुस्तक?"

"आमच्या बांधाचा. कल्यानच्या बाजारातून एका कीर्तनवाल्या बुवानं आनलान, देवलात वाचून दाखवलान. चितार सगल्यांनी बघितला." धाकूने मान खाली घातली. "रखमा हाय ती."

विश्राम म्हणाला, "दाजी, ते मी काढलंय. तोंड बायचं घेतलं, बस. बाकी सगळं थापा."

"आवसेच्या उधानाला खांड पडली यंदा. आख्ख्या गावाच्या भातात खारा पानी. लोकं बोलतान, बांध आपली बाई मागतंय. माजी सखुकाकी बोलली, नथ उजवीकडं, म्हंजे मेल्यावरचा चितार. मेलेल्यांचा समदा उलटा असतंय ना." त्याने गुडघ्यावरचा वाळला चिखल खरवडला. "पुनवेच्या उधानाआधी तिला खांडीत उभी करनार. गुडघ्यापरत. नावापुरता, मग बाहेर घेनार. सखुकाकी बोलली तसा."

"आणि तुम्ही ऐकून घेतलंत?"

"माजा पन शेत गेलाय." मग त्याने पुन्हा विचारलं, आणि या वेळी त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला. "म्हनून तुना विचारतंय. पुस्तकातल्या बाईला मग बाहेर काढली का?"

विश्राम उठला आणि तडक पंतांच्या घरी गेला.

पंतांनी सगळं ऐकलं. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला, हे त्यांच्या बाजूने लिहून ठेवायला हवं. विश्राम म्हणाला, "पंत, दोन ओळी लिहा. हे मी रचलंय, खाली सही. मी नेऊन वाचून दाखवतो."

"कोण मानेल?"

"तुमचंच पुस्तक. तुमचं नाही मानणार तर कोणाचं?"

"मुंबईचे लोक इथे यायचेत, बांध बघायला. त्यांना काय सांगू? आणि विश्राम," पंत खालच्या आवाजात म्हणाले, "पुण्याहून पत्र आलं. मग वसईहून. दोघांनीही तसंच ऐकलंय, आपापल्या गावी. मला हल्ली वाटतं, ते मी लिहिलं नाही. ते मला सापडलं."

"तुम्हाला ते या ओटीवर सापडलं. मी इथं पायरीवर बसलेलो."

"तू चित्र काढलंस. तुला तरी कुठे ठाऊक, तो चेहरा कुठून आला?"

"माझ्या बहिणीचा होता."

"तसं तुला वाटतं."

शिकलेला माणूस भ्याला की असा गहन होतो. विश्राम त्यांच्या तोंडावर थुंकला नाही, एवढीच त्याची चूक.

छापखान्यात परतून त्याने दाराशी टेकवलेली शिळा गोणपाटात बांधली. भाऊ म्हणाले, "घेऊन जा बाबा. परत आणू नकोस." धाकूने एक बाजू धरली, त्याने दुसरी. भरतीबरोबर होडी वर निघाली. मुंब्र्याचा डोंगर मागे पडला.  शिळा मध्ये आडवी होती, आणि धाकूने पाय तिच्यापासून शक्य तितके लांब आखडून घेतले होते.

विश्रामचं गणित सोपं होतं. लोकांनी छाप बघितलाय, शिळा बघितली नाही. शिळा दाखवली, ती कशी काम करते ते दाखवलं, की कळेल. हा चेहरा कुठल्या बांधातून नाही, ठाण्यातल्या दुकानातून आला. डोळ्यांनी बघितल्यावर माणूस कसा नाही म्हणेल? बिचारा. कारागिराला वाटतं, कसं केलं ते दाखवलं की जादू संपते.

खारवलीत ओहोटी लागली होती. बांधाच्या खांडीपाशी गाव जमलेलं, बायका टोपल्यांनी चिखल वाहत होत्या. भांडण नाही, गोंगाट नाही, कोणी दारू प्यालेलं नाही. पेरणीला जमावं तसे जमले होते. खांडीच्या तोंडाशी रखमा बसली होती, नवंकोरं हिरवं लुगडं नेसून. गावाने वर्गणी काढून घेतलेलं. शेजारी सखुबाई, धाकूची काकी, गावची सुईण. अर्ध्या गावाची नाळ हिनेच कापलेली. ती रखमाच्या पाठीवरून हात फिरवत होती.

"आयलास?" रखमा भावाला म्हणाली. "जेवलास का?"

 त्याने गोणपाट सोडलं आणि शिळा बांधावर उभी केली. "ऐका. तो चितार माझ्या हातचा. हिचं तोंड मना पाठ होतं, म्हणून काढलं. पुस्तकवाल्यानं सगळं रचलंय."

गर्दीतून कोणी विचारलं, "राजा?"

"रचला."

"लेख?"

"तो पन रचला."

"मग ही खांड?" बोलणाऱ्याने चिखलाचा हात पुढे केला. "ही पन रचली?"

विश्रामने खाडीचं पाणी ओंजळीत घेतलं आणि शिळेवर ओतलं. ओल्या शिळेत चरबीच्या रेघा पाणी धरत नाहीत, दिसतात. छापखान्यात पुसटशा दिसायच्या. इथे खारं पाणी पडलं आणि चेहरा असा स्वच्छ वर आला, की त्याला स्वतःलाच दोन पावलं मागे जावं लागलं. डोळे, कपाळावरची मुंडावळ, नथ. लग्नाच्या दिवशीची रखमा दगडातून बघत होती.

टोपल्या खाली ठेवल्या गेल्या. एका बाईने हात जोडले, मग सगळ्यांनी.

सखुबाई पुढे आली. "कुठं गावली ही?"

"गावली नाय. मी काढली."

"तूच काढलीस?"

"होय, मीच काढली, माझ्या हातानं."

"ऐकलात?" सखुबाई मागे वळली. "त्यानं काढली. भावानं बहिनीला काढली बाहेर."

विश्रामला आपल्याच शब्दाने चपराक बसली. चित्र काढतात, दगड काढतात, विहिरीतून प्रेतही काढतात. त्याच्याकडे दुसरा शब्द नव्हता. तो "नाय, तसं नाय," म्हणत राहिला, आणि लोक मान डोलवत राहिले. पोथीतली शिळा सापडली होती. पंतांनी जिला जन्मभर शोधलं असतं तरी मिळाली नसती, ती विश्रामने स्वतः वाहून आणून दिली होती.

सखुबाईने रखमाच्या खांद्यावर हात ठेवला. "चल बाय. पानी फिरायच्या आत."

रखमा उठली. पण खांडीत उतरली नाही. शिळेसमोर जाऊन उकिडवी बसली आणि स्वतःकडे बघत राहिली. मग तिने दगडातल्या नथेवर बोट ठेवलं.

"काकी, पुस्तकातली नथ कुठल्या अंगाला होती?"

"उजव्या."

"ही बघ. डाव्या अंगाला हाय. माजी हाय तशी." तिने आपल्या नथेला हात लावला. "तूच बोललीस ना, उलटी ती मेलेली? म्हंजे कागदावर हाय ती मेलेली. दगडात हाय ती जिती. बांधाला जिती पायजे ना? मग ही घाला. मी हीच हाय."

 खांडीतून ओहोटीचं पाणी चुळचुळत खाली जात होतं. सखुबाई अडाणी होती, पण पुण्यामुंबईच्या विद्वानांपेक्षा तिचं डोकं सरळ चाले. एकदा धरलेली गोष्ट ती शेवटपर्यंत नेई.

"जिती आत गेली," ती सावकाश म्हणाली, "तर बाहेर उरंल ती कोन?"

रखमाने भावाकडे बघितलं. मग धाकूकडे. धाकू चिखलात बघत होता.

"तुमी म्हनाल ती," रखमा म्हणाली.

बाभळीचा काटा तिथेच होता. सखुबाईने तो खाडीच्या पाण्यात बुडवला, रखमाची हनुवटी धरली आणि उजवी नाकपुडी टोचली, सुईणीच्या सवयीच्या हाताने, ‘झालं हा, झालं’ म्हणत. डावीकडची नथ काढून रक्ताळलेल्या भोकात घातली, कागदावरच्या मेलेलीला होती तशी. मग रखमाच्या अंगावरचं हिरवं लुगडं सोडलं, तिला जुनेर दिलं, आणि ते लुगडं शिळेला नेसवलं. चार बाप्यांनी शिळा खांडीत उभी केली. गावाने तिच्यावर माती लोटली. पहिली टोपली धाकूने टाकली.

पुनवेच्या उधाणाला बांध टिकला. टिकणारच होता, कारण भीतीपोटी त्या वर्षी गावाने मागच्या कुठल्याही वर्षी घातली नव्हती इतकी माती घातली, पेंढा घातला, दगड घातले. दरसाल तसं केलं असतं तर दरसाल टिकला असता. पण हे त्यांना कोण सांगणार? आणि सांगायला गेलेल्याचं काय झालं, ते आत्ताच बघितलं.

रखमा वाचली. तिला कोणी दुखावलं नाही, वाळीत टाकलं नाही. तिच्या पायरीवर लोक पहिल्या जाळ्यातली मासळी ठेवून जात, आणि ती दार उघडायच्या आत निघून जात. तिचं नाव कोणी घेईना. वाटेत दिसली तर बायका पोरांचे डोळे झाकत. धाकू काकीकडे जेवायचा आणि बाहेर ओटीवर झोपायचा. रखमाने त्याला एकदा हटकलं तेव्हा तो म्हणाला, "तशी काय भीती नाय. पन तू आत चालतंस ना, तवा पावलांचा आवाज येत नाय." विश्राम तिला ठाण्याला घेऊन जायला आला, तर म्हणाली, "मी गेले आनि बांध फुटला तर? हितंच बरी."

वर्षभराने पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. मुंबईकर मंडळी खारवलीला येऊन बांध बघून गेली होती. शिळा उकरून बघू म्हणाली, तर गाव काठ्या घेऊन उभं राहिलं, त्यामुळे त्यांची खात्रीच पटली. पंतांनी नवी टीप लिहिली: ‘खारवलींत अद्यापि एक स्त्री नथ उजव्या नाकपुडींत घालते. आमच्या अनुमानास याहून बळकट पुरावा तो कोणता?’ आणि त्या स्त्रीचं, प्रत्यक्ष समोर बसवून काढलेलं, चित्र हवं म्हणाले.

रखमा आली, पण ओहोटीला निघून भरतीबरोबर परतायच्या बोलीवर. कोणालाही भ्यायचं तिचं आता राहिलंच नव्हतं. छापखान्यात ती चटईवर बसली, पंत लांब दाराशी उभे राहिले, "बाईसाहेब, बसा, सावकाश," म्हणत. बाईसाहेब. आधी ती त्यांच्या ओटीवर चढली असती तर त्यांनी ओटी धुऊन घेतली असती.

विश्रामने नवी शिळा घेतली. पंत म्हणाले, "या खेपेला आरसा घे. नथ उजवीकडेच यायला हवी."

"होय पंत."

त्याने आरसा घेतला नाही. समोर जशी दिसत होती तशी, सरळ, एकेक रेघ शिळेवर ओढत गेला.  उजवीकडची नथ उजवीकडेच काढली. शाई लावली, कागद घातला, दाबाचं चाक फिरवलं, कागद उचलला.

छापात नथ डावीकडे आली होती. कागदावर त्याची बहीण बसली होती, कोणी हात लावायच्या आधीची.

पंत जवळ आले. "चुकलं रे पुन्हा. उलटी आली."

"आत्ता सुलटी आली," विश्राम म्हणाला, आणि ओला कागद त्याने रखमाच्या हातात दिला.

तिने तो दोन्ही हातांनी धरला. बराच वेळ बघितला. बोट नथेपर्यंत नेलं, आणि मग तेच बोट स्वतःच्या नाकाशी नेऊन आधी डावीकडे चाचपलं. तिथलं भोक बुजलं होतं.

"चांगली हाय," ती म्हणाली. "कोन रं ही?"